भाजीतली झणझण आणि पेशीतले राखणदार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, संकेश्वर, चिकोडी, निपाणी या पट्ट्यातून आहाराबद्दल जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांचे शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत. ज्यांना रक्त पातळ करण्याची, थायरॉइडची, फिट्सची किंवा कॅन्सरची औषधं चालू आहेत, त्यांनी प्रश्न ६ आणि प्रश्न १२ ते १४ आधी वाचावेत, बाकीचं नंतर.

१. अँटिऑक्सिडंट एन्झाइम म्हणजे काय? क जीवनसत्त्वालाच तसं म्हणतात का?

नाही, दोन्ही वेगळी आहेत. गुडघा फुटल्यावर दवाखान्यात जखमेवर पाण्यासारखं औषध ओततात आणि ते पांढरं फसफसतं, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ते औषध म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. तो फेस काढतं आपल्याच रक्तातलं कॅटलेज नावाचं एन्झाइम, म्हणजे रासायनिक काम झपाट्याने उरकणारं प्रथिन. ते पेरॉक्साइड फोडून त्याचं पाणी आणि ऑक्सिजन करतं. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर तेच औषध टाका, तीही फसफसेल. उकडलेल्या बटाट्यावर टाका, काही होणार नाही, कारण उष्णतेने एन्झाइम मेलेलं असतं. मुलांना हे एकदा जरूर दाखवा.

पेशीत अन्न जळताना असं पेरॉक्साइड आणि त्याहून तापट सुपरऑक्साइड सतत तयार होत असतं. सुपरऑक्साइडला पहिल्यांदा आवरतं ते सुपरऑक्साइड डिसम्युटेज, म्हणजे एसओडी. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ साली त्याचा शोध लावला. एसओडी सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, आणि पुढे कॅटलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. क जीवनसत्त्वाचा एक कण एका ठिणगीवर, म्हणजे अशा एका तापट रेणूवर, खर्ची पडतो. एन्झाइम मात्र खर्ची पडत नाही. कॅटलेजचा एकच रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू निकालात काढू शकतो. शरीराची खरी राखण हे एन्झाइम करतात, आणि ते शरीर स्वतः बनवतं.

२. मग भाज्यांतली द्रव्यं या एन्झाइमना करतात तरी काय?

ती डिवचतात. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच एका गोष्टीवर उभी आहेत, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

मोहरी, मुळा, कोबी यांतली तिखट द्रव्यं झाडाने आपल्यासाठी केलेली नाहीत. किड्याने पान चावलं की त्याचं तोंड पोळावं म्हणून ती असतात. आपल्या पेशीलाही ती सौम्य विषासारखीच वाटतात. पेशीत एनआरएफ-२ नावाचं एक प्रथिन असतं. त्याचं काम दवंडी पिटणाऱ्याचं : पेशीच्या केंद्रकात जायचं आणि संरक्षक एन्झाइमांची जनुकं जागी करायची. एरवी कीप-१ नावाचं दुसरं प्रथिन त्याला धरून ठेवतं आणि मोडीत काढतं, इतक्या झपाट्याने की एनआरएफ-२ चा अर्धा साठा पंधरा-वीस मिनिटांत संपतो. तिखट द्रव्य आत आलं की ते कीप-१ वरच्या गंधकाच्या जागांना चिकटतं. पकड सुटते, एनआरएफ-२ साठतं, केंद्रकात पोचतं आणि दवंडी पिटली जाते. एनआरएफ-२ ची ओळख १९९४ साली झाली, कीप-१ ची १९९९ साली जपानमधल्या यामामोतो यांच्या गटाकडून.

दवंडी ऐकून कामाला लागतात ती मुख्यतः ग्लुटाथायोन (पेशीने स्वतः बनवलेला छोटा संरक्षक रेणू) बनवणारी एन्झाइम, विषारी रेणूंना ग्लुटाथायोन जोडून बाहेर काढणारी ट्रान्सफरेज, क्विनोन रिडक्टेज आणि हीम ऑक्सिजनेज. एसओडी आणि कॅटलेजवरही परिणाम होतो, पण तो उंदरात जितका ठळक दिसतो तितका माणसात दिसत नाही.

म्हणजे भाजी स्वतः आग विझवायला येत नाही, घरातल्या माणसांना उठवते. आणि द्रव्य शरीराबाहेर गेल्यावरही वाढलेली एन्झाइम काही काळ काम करत राहतात, म्हणून रोज थोडं खाल्लेलं उपयोगी पडतं.

३. मासिकात सगळीकडे ब्रोकोलीच लिहिलेली असते. खानापुरात ती कुठे रोज मिळायला?

ब्रोकोलीचं नाव झालं त्याला कारण आहे. १९९२ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल टालाले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं आणि ते संरक्षक एन्झाइम वाढवतं हे दाखवलं. १९९७ साली त्याच गटाने सांगितलं की ब्रोकोलीच्या तीन दिवसांच्या मोडांत त्याचं मूळ द्रव्य मोठ्या गड्ड्याच्या १० ते १०० पट असू शकतं.

पण ब्रोकोलीचं कूळ मोठं आहे. कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मुळा, मोहरी, अळीव हे सगळे तिचे सख्खे-चुलत. प्रत्येकातलं तिखट द्रव्य थोडं वेगळं, पण जातकुळी एकच. किसलेला मुळा नाकात जातो तो त्याच द्रव्यामुळे. शेवगा या कुळातला नाही, तरी त्याच्याकडेही याच जातीचं द्रव्य आहे, आणि ताज्या पाल्यात ते चांगलं असतं. बेळगाव तालुक्यातल्या गावांतून कोबी, फ्लॉवर, मुळा बाजारात येतो आणि शेवगा परसात उभा असतो. ब्रोकोली मिळाली तर खा. नाही मिळाली म्हणून काही अडलेलं नाही.

४. आम्ही प्रत्येक फोडणीत मोहरी घालतो. तेवढी पुरते ना?

फोडणीतली मोहरी चवीला उत्तम, पण या कामाला जवळजवळ निरुपयोगी. का ते समजून घ्या.

मोहरीच्या दाण्यात तिखट द्रव्य तयार नसतं. एका खणात सिनिग्रिन असतं, दुसऱ्या खणात मायरोसिनेज नावाचं एन्झाइम. दाणा चिरडला आणि पाणी लागलं की दोघं भेटतात आणि मगच झणका तयार होतो. तापलेल्या तेलात दाणा तडतडला की मायरोसिनेज मरतं, भेट होतच नाही.

आपल्याकडे मोहरी फेसायची पद्धत आहे, तिचं मोल इथे कळतं. माझी आजी कैरीच्या लोणच्यासाठी दगडी खलात मोहरी थोडं थोडं पाणी घालून घोटायची. पहिली दोन मिनिटं नुसता कडवट वास. मग मोहरी फिकी पडून फुगायला लागायची आणि एकदम नाकात सणक जायची, डोळ्यांतून पाणी यायचं. ‘आली बघ,’ म्हणून ती बत्ता थांबवायची. ती सणक म्हणजेच आयसोथायोसायनेट, प्रश्न २ मधलं डिवचणारं द्रव्य. आजी लिंबू नेहमी शेवटी पिळायची. तेही बरोबर, कारण आंबट आधी घातलं तर मायरोसिनेजचं काम मंदावतं.

लोणच्यात मीठ आणि तेल भरपूर असतं, तेव्हा लोणचं वाढवू नका. अर्धा चमचा फेसलेली मोहरी काकडीच्या किंवा मुळ्याच्या कोशिंबिरीत, दह्यात कालवून घ्या. पित्ताचा त्रास असेल तर त्याहून कमी.

५. कोबी-फ्लॉवर शिजवला की सगळं जातं का? कच्चा तर घरात कुणी खात नाही.

कच्चाच खा असं मी सांगणार नाही. तीन गोष्टी करा.

कोबी चिरून अर्धा-पाऊण तास तसाच ठेवा आणि मग फोडणीला टाका. मायरोसिनेज तेवढ्या वेळात आपलं काम उरकतं, आणि तयार झालेलं द्रव्य पुढे उष्णतेत बऱ्यापैकी टिकतं. सकाळी घाई असेल तर कोबी आधी चिरा, मग कणीक मळा आणि कुकर लावा.

फ्लॉवरमधल्या अळ्या काढायला आपण मिठाच्या पाण्यात तुरे घालतो. पाणी कोमट ठेवा, तुरे मोठे ठेवा, पाच-सात मिनिटांत काढा. उकळत्या पाण्यात बारीक तुरे टाकून ते पाणी ओतून दिलं की एन्झाइम मरतं आणि मूळ द्रव्य मोरीत जातं.

तिसरी युक्ती मला सगळ्यांत आवडते. भाजी उतरवून कोमट झाली की वर चिमूटभर कच्च्या मोहरीची पूड भुरभुरवा. मोहरीतलं जिवंत मायरोसिनेज शिजलेल्या भाजीत उरलेल्या द्रव्यावर काम करतं. इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठाने २०१८ साली शिजवलेल्या ब्रोकोलीवर हे माणसांत तपासलं. मोहरीची पूड घातल्यावर शरीरात पोचलेलं सल्फोराफेन चौपटीहून जास्त भरलं.

यातलं काहीच जमलं नाही तरी आतड्यातले जिवाणू थोडं काम करतात. शिजलेली भाजी फुकट जात नाही.

६. हळदीच्या दुधात मिरी घालावी का? आणि करक्यूमिनच्या गोळ्या?

घालावी, बेताने. हळदीतलं करक्यूमिनही कीप-१ ला डिवचणारं द्रव्य आहे. अडचण अशी की ते आतड्यातून फारसं आत जात नाही, आणि जे जातं त्याला यकृत लगेच बाहेरची वाट दाखवतं. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधला १९९८ सालचा अभ्यास सर्वत्र सांगितला जातो. २ ग्रॅम करक्यूमिनबरोबर मिरीतलं २० मिलिग्रॅम पिपरीन दिल्यावर करक्यूमिनचं शोषण २० पट वाढलं.

आता हिशेब मांडा. हळदीच्या पुडीत करक्यूमिन साधारण ३ टक्के. म्हणजे २ ग्रॅमसाठी साधारण ६५ ग्रॅम हळद लागेल. तेवढी हळद कुणी पीत नाही, पिऊही नये. कपभर दुधात पाव चमचा हळद आणि दोन-तीन मिरी ठेचून, हे अन्न आहे. ते चालू ठेवा, पण त्याकडून औषधाची अपेक्षा ठेवू नका.

गोळ्यांबद्दल माझं मत ठाम आहे : डॉक्टरला विचारल्याशिवाय नको. शोषण वाढवलेल्या करक्यूमिनने यकृताला इजा झाल्याची उदाहरणं नोंदली गेली आहेत. शिवाय पिपरीन ज्या वाटा अडवून करक्यूमिन शरीरात रोखून धरतं, त्याच वाटांनी काही औषधंही शरीराबाहेर जातात. फिट्सच्या फेनिटॉइनची रक्तातली पातळी त्याने वाढते.

हळद घेताना फार भडक पिवळी पूड टाळा. लेड क्रोमेट हा शिशाचा रंग हळदीत मिसळला जातो, आणि शिसं नेमकं याच ग्लुटाथायोनवर घाला घालतं. रायबाग-गोकाक भागात किंवा सांगलीच्या पेठेत हळकुंडं मिळतात. तीच आणून दळून घ्यावीत.

७. आम्ही रोज जोंधळ्याची भाकरी, झुणका आणि कांदाच खातो की ओ. त्यात काही आहे का नाही?

आहे, आणि पुष्कळ आहे. कांद्यात क्वेर्सेटिन असतं, तेही बाहेरच्या पाकळ्यांत जास्त. म्हणून बुक्कीने फोडताना वरचं वाळकं साल तेवढं काढा, खालची जाड पाकळी टाकू नका. नाचणीतली द्रव्यं मुख्यतः लाल टरफलात असतात. बाळासाठी सत्त्व गाळून घ्या, मोठ्यांनी भाकरीच खावी.

दुसरी बाजू धातूंची. दवंडी पिटली तरी कामाला हत्यार हवं. एसओडीला तांबं, जस्त आणि मँगनीज लागतं, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजला सेलेनियम, कॅटलेजला लोह. तीळ, शेंगदाणे, डाळी, अंडी, मासे यांतून ते मिळतात. धान्य-कडधान्यांतलं फायटेट जस्त आणि लोह अडवून धरतं. मोड आणले किंवा आंबील केली की ते कमी होतं. मटकीला मोड आणणाऱ्या आणि उन्हाळ्यात आंबील करणाऱ्या घराला वेगळं काही शिकवायला नको.

खानापूरकडची जांभळं, करवंदं, भिरंडं? मोसमात जरूर खा. त्यांचा जांभळा-लाल रंग रक्तात फार थोडा उतरतो, बरंचसं काम आतड्यातले जिवाणू त्याचे तुकडे केल्यावर होतं.

८. गव्हांकुराच्या रसात आणि काही गोळ्यांत ‘जिवंत एसओडी’ असतं म्हणतात. तेच घेतलं तर?

एन्झाइम हे प्रथिन आहे. जठरात गेलं की डाळीतल्या प्रथिनासारखंच पचतं. पेशीतलं एसओडी पेशीतच बनावं लागतं.

९. थोडं चांगलं, तर जास्त घेतलं तर अजून चांगलं नाही का?

हा समज सगळ्यांत महागात पडलेला आहे. फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष धूम्रपान करणाऱ्यांवर मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटीन, म्हणजे गाजरातलं पिवळं द्रव्य, गोळीतून दिलं. १९९४ साली निकाल आला : गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. अमेरिकेतल्या तशाच चाचणीत तो २८ टक्क्यांनी जास्त दिसला आणि १९९६ साली ती मुदतीआधी बंद करावी लागली. गाजराने असं झालेलं नाही, झालं ते गोळीने.

एनआरएफ-२ ला जोरात जागं करणारं बार्डोक्सोलोन हे औषध मधुमेहाने मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांत तपासलं गेलं. हृदयाचे त्रास वाढल्याने २०१२ साली ती चाचणी थांबवली.

व्यायाम करणाऱ्या तरुणांसाठी अजून एक. व्यायामातही पेशीत ठिणग्या उडतात आणि त्याच राखणदारांना उठवतात. २००९ साली जर्मनीत काही तरुणांना चार आठवडे व्यायामाबरोबर रोज १००० मिलिग्रॅम क आणि ४०० युनिट ई जीवनसत्त्व दिलं. गोळ्या न घेणाऱ्यांत इन्सुलिनचं काम सुधारलं आणि संरक्षक एन्झाइमांची जनुकं जागी झाली. गोळ्या घेणाऱ्यांत ते झालं नाही. ठिणगीच विझवली, मग उठणार कोण? तालमीत जाणाऱ्या मुलांना लिंबू-आवळा खुशाल द्या, गोळ्यांचे डबे आणू नका.

१०. पाकिटावर ‘इतके युनिट अँटिऑक्सिडंट’ लिहिलेलं असतं. ते बघून घ्यावं का?

नको. ते आकडे परीक्षानळीतले. अमेरिकेच्या कृषी खात्याने आपली अशी यादी २०१२ साली काढून टाकली, कारण त्या आकड्यांवरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही. नळीत जोर दाखवणारं द्रव्य पोटात अडकू शकतं, आणि नळीत फारसं काही न करणारं सल्फोराफेन पेशीत मोठं काम करतं.

११. मी निपाणीला विड्या वळते. तंबाखूची धूळ रोज नाकात जाते. गूळ खाल्ला की ती साफ होते का? आणि कोबीचा काही उपयोग?

ताई, गुळाची गोष्ट फार जुनी आहे. लखनौला १९९४ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यात गुळाने फुप्फुसातून धूळ बाहेर जायला मदत झाल्याचं दिसलं. त्यावरून माणसांबद्दल काही सांगता येत नाही. गूळ बहुतांशी साखरच आहे, आणि मधुमेह असेल तर तो नकोच.

कोबीच्या कुळाबद्दल जरा जास्त सांगता येतं. चीनमधल्या चीदोंग भागात, हवा खराब असलेल्या ठिकाणी, २९१ लोकांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय किंवा तसंच दिसणारं साधं पेय दिलं. २०१४ साली निकाल आला. मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून खराब हवेतलं विषारी बेन्झीन ६१ टक्के आणि अॅक्रोलीन २३ टक्के जास्त बाहेर पडत होतं. ग्लुटाथायोन जोडून विष काढणारी तीच ती एन्झाइम. पण हे तंबाखूच्या धुळीवर तपासलेलं नाही, आणि आत जाणारी धूळ थांबवणं कुठल्याही भाजीला जमत नाही. नाका-तोंडावर ओला रुमाल नव्हे, चांगला मास्क. दाराशी, वाऱ्याला बसून काम. पान खुडल्यावर हात धुतल्याशिवाय भाकरी मोडायची नाही. विड्यांची सुपं झोपायच्या खोलीत ठेवायची नाहीत. हे आधी, मुळ्याची कोशिंबीर त्यानंतर.

१२. ग्रीन टी रोज किती? आणि साधा चहा?

दोन-तीन कप उकळलेल्या पाण्यातला चहा ठीक. त्याच्या अर्काच्या कॅप्सूल वेगळ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं की त्यातलं ईजीसीजी रोज ८०० मिलिग्रॅम आणि त्याहून जास्त पूरक गोळ्यांतून घेतलं तर यकृताच्या तपासण्या बिघडल्याचं दिसतं. वजन कमी करायला त्या घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

कुठलाही चहा जेवणाबरोबर नको, तो भाजीतलं लोह अडवतो. रक्त कमी असलेल्या बायकांनी जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवावं.

१३. थायरॉइड आहे, डॉक्टरांनी कोबी बंद सांगितलाय. रक्त पातळ करायची गोळी असलेल्यांनाही पालेभाजी बंद?

कोबीच्या कुळातली काही द्रव्यं थायरॉइडला आयोडीन मिळू देत नाहीत. पण ते जाणवतं ते आयोडीन आधीच कमी असताना, आणि कच्चं भरपूर खाल्लं तर. आयोडीनयुक्त मीठ असलेल्या घरात आठवड्यातून दोन-तीनदा शिजवलेला कोबी बहुतेकांना चालतो. स्वतःहून सुरू करू नका, हेच वाक्य डॉक्टरांपुढे ठेवा. कोबीपेक्षा गोळी चहाबरोबर घेणं जास्त नडतं. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर.

वॉरफरिन चालू असेल तर पालेभाजीतलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या विरुद्ध जातं. पालेभाजी सोडायची नसते, तिचं माप बदलायचं नसतं. आठ दिवस मेथी-शेपूचा सपाटा आणि मग महिनाभर काही नाही, हे धोक्याचं.

१४. आईची केमो चालू आहे. तिला ब्रोकोलीच्या गोळ्या द्याव्यात का?

नाही. एनआरएफ-२ कॅन्सरच्या पेशीलाही तितक्याच इमानाने राखतं. फुप्फुसाच्या अनेक गाठींत कीप-१ किंवा एनआरएफ-२ बिघडलेलं असतं, दवंडी कायम चालू राहते आणि गाठ औषधांना दाद देत नाही. शिजवलेली भाजी, भात, ताक, अंडं जे पोटात ठरेल ते द्या. अर्क आणि कॅप्सूल उपचार करणाऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय नकोत. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना कच्चे मोड आणि कच्ची कोशिंबीरही नको, जंतूंमुळे. गरोदर बाईलाही कच्चे मोड वाफवूनच द्यावेत.

१५. मुलाला ‘जी-सिक्स-पीडी’ कमी सांगितलंय. पावटे बंद करू का?

जी-सिक्स-पीडी हेही एक एन्झाइम. ते कमी असलेल्या मुलांत ग्लुटाथायोनला पुन्हा कामाला लावणारी ताकद तांबड्या पेशीत कमी असते. राखणदार असतात, पण त्यांचा डबा वेळेवर पोचत नाही. अशा वेळी एनआरएफ-२ ला डिवचून फरक पडत नाही, कारण तांबड्या पेशीत केंद्रकच नसतं आणि तिथे नवं एन्झाइम बनत नाही.

यांना टाळायचा असतो तो बाकला, इंग्रजीत फावा किंवा ब्रॉड बीन. त्यातल्या व्हायसिन आणि कॉनव्हायसिनपासून पोटात जे द्रव्य बनतं, त्याने तांबड्या पेशी फुटतात. आपला पावटा आणि घेवडा ही वेगळी झाडं, बाकला नव्हेत. पण भाजलेल्या डाळी-कडधान्यांच्या मिश्रणाच्या पाकिटात बाकला असू शकतो, तेव्हा मागचा मजकूर वाचा. कपाटातल्या पांढऱ्या नॅप्थलीनच्या डांबरगोळ्या घरातून काढून टाका, त्यांचा वासही अशा मुलाला बाधू शकतो. मलेरियाच्या प्रायमाक्वीनसह काही औषधं त्याला चालत नाहीत. म्हणून जी-सिक्स-पीडी कमी असल्याची नोंद असलेल्या त्याच्या कार्डाची एक झेरॉक्स दप्तरात आणि एक आजोळी ठेवा. लघवी चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, तर सकाळपर्यंत थांबू नका.